पाच मिनिटांत पटलेलं, दहा दिवसांत विसरलेलं

पत्र

प्रिय ताई,

मी एका रुग्णालयात वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे. माझ्या हाताखाली २९ सिस्टर्स आणि तीन पाळ्या. मागच्या महिन्यात ओव्हर देताना, म्हणजे पाळी संपताना पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवताना, एका रुग्णाच्या औषधाची वेळ सांगायची राहून गेली. रुग्णाला काही झालं नाही, पण माझी झोप उडाली. दोन रात्री बसून मी एक नीट संदेश लिहिला. यापुढे ओव्हर टेबलापाशी बसून न देता प्रत्येक खाटेपाशी उभं राहून द्यायची, का द्यायची, कशी द्यायची, सगळं त्यात होतं. चारशे शब्द तरी असतील. वॉर्डच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. निळ्या खुणा भराभर आल्या. चार अंगठे आले. रात्री सव्वाअकराला आमच्या सगळ्यात जुन्या सिस्टरने लिहिलं, "आमच्यावर विश्वास नाही, असं सरळ म्हणा ना." त्याखाली सात जणींनी हात जोडल्याची चिन्हं टाकली.

दोन दिवसांनी माझ्या एका सहकारी सिस्टरने सकाळी पाळी बदलताना तेच मुद्दे पाच मिनिटांत सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या. जुन्या सिस्टरही "बरोबर आहे" म्हणाल्या. मला बरं वाटायला हवं होतं, पण घरी येऊन रडले. आणि दहा दिवसांनी तिघींना विचारलं, काय ठरलं होतं आपलं? तिघींनी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या.

आता पुढच्या महिन्यात रात्रपाळीची नवी पद्धत सांगायची आहे. सलग सहा रात्रींऐवजी तीन-तीन रात्रींच्या दोन फेऱ्या. पहिल्यांदा ऐकताना कुणालाच आवडणार नाही. मुलगा म्हणतो, स्लाइड घालून व्हिडिओ कर. सहकारी म्हणते, संवादात शब्दांचा वाटा सातच टक्के असतो, बाकी सगळा आवाज आणि देहबोली, आम्हाला प्रशिक्षणात शिकवलंय, तेव्हा लिहिणं सोडच. पण चारचौघांत बोलताना माझा आवाज कापतो. लिहिताना मला धीर येतो. माझ्या लिहिण्यात काही कमी होतं का? की लोकांना वाचायचंच नसतं?

— एक इनचार्ज सिस्टर

उत्तर

प्रिय सिस्टर,

पत्रासोबत तुम्ही तो मूळ संदेशही पाठवलात, हे फार बरं केलंत. मी तो तीनदा वाचला. पहिल्यांदा सकाळी, निवांत बसून. तेव्हा तो मला रुग्णांसाठी जीव तुटणाऱ्या बाईने लिहिलेला वाटला. दुसऱ्यांदा मुद्दाम रात्री वाचला. आपण या वॉर्डात वीसेक वर्षं काढली आहेत, पाय भरून आलेत, अंथरुणाला पाठ टेकताना फोन उघडलाय, असं मनाशी धरून. आणि तिसऱ्याच वाक्याला मी अडखळले. "मागच्या महिन्यात झालेली चूक पुन्हा होणे परवडणारे नाही." कुणाची चूक? कुणाला परवडणारं नाही? नाव कुणाचंच नाही, म्हणून प्रत्येकीने ते स्वतःवर ओढून घेतलं असणार. मग तिसऱ्यांदा मी तेच वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं, थोडं थांबत, "आपल्याला" हा शब्द घालून. आरोप कुठल्या कुठे गेला, उरली नुसती काळजी.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर आधी देते. लिहिण्यात कमी काही नव्हतं. आणि लोकांना वाचायचं नसतं, हेही खरं नाही. त्या जुन्या सिस्टरनी तुमचा शब्दन् शब्द वाचला, म्हणून तर त्या दुखावल्या. ज्याने वाचलेलंच नाही त्याला राग कशाचा येईल? तुमचं नि तुमच्या सहकारी सिस्टरचं म्हणणं एकच होतं. मात्र ऐकणाऱ्या बायका दोन्ही वेळी वेगळ्या जागी उभ्या होत्या. एकदा एकट्या, रात्री, हातातल्या उजळलेल्या पडद्यापुढे. एकदा दहाबारा जणींच्या घोळक्यात, ओळखीच्या चेहऱ्यापुढे. आपण माध्यम निवडतो तेव्हा समोरच्या माणसाला कुठे उभं करायचं हेच निवडत असतो, आणि तिथून त्याला जे करता येतं तेच तो करतो.

आधी त्या रात्रीचं पाहू.

लिहिताना तुमच्या कानात तुमचाच आवाज चालू होता. त्यातला हळवेपणा, सुस्कारा, "बायांनो, मला भीती वाटली हो" हा सूर, हे सगळं तुम्हाला इतकं स्पष्ट ऐकू येत होतं की ते कागदावर उतरलंच असेल असं वाटणं अगदी साहजिक आहे. ते उतरत नाही. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने एक साधा प्रयोग केला होता. एकाने ओळखीच्या गाण्याचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. तुमचा संदेश जुन्या सिस्टरपर्यंत असाच पोचला.

२००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट ई-मेलवर तपासली. काही वाक्यं मनापासूनची, काही उपरोधाची. ती ई-मेलने पाठवायची किंवा आवाजात बोलून पोचवायची, आणि समोरच्याने सूर ओळखायचा. पाठवणाऱ्यांना दोन्हीकडे सारखीच खात्री होती, साधारण ७८ टक्के वेळा बरोबर ओळखलं जाईल अशी. आवाजातून ७३ टक्के ओळखलं गेलं. ई-मेलमधून ५६ टक्के, म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी फार फरक पडला नसता. यातली मला जास्त बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. वाचणाऱ्यांनाही आपण सूर बरोबर ओळखला अशी खात्रीच होती. म्हणजे जुन्या सिस्टरना तुमच्या मनात शंका दिसली ती त्यांनी ओढूनताणून आणलेली नव्हती. त्यांना ती खरोखरच दिसली. "ध चा मा" व्हायला दरवेळी कुणी खोडसाळपणाच करावा लागतो असं नाही. थकलेले डोळे आणि रिकामी जागा पुरते.

आणि त्या क्षणी तुम्ही तिथे नव्हतात. प्लेटोने सॉक्रेटिसच्या तोंडी एक तक्रार घातली आहे, लिहिलेले शब्द चित्रातल्या माणसांसारखे असतात, जिवंत दिसतात, पण काही विचारलं तर गप्प राहतात, किंवा तेच ते पुन्हा सांगतात. कुणी त्यांच्यावर अन्याय केला तर त्यांना स्वतःचा बचाव करता येत नाही, लिहिणाऱ्यालाच धावून यावं लागतं. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची तक्रार आहे ही. जुन्या सिस्टरनी तुमच्या वाक्याला विचारलं असणार, "हे मला म्हणालीस का?" वाक्य गप्प राहिलं. तुम्ही समोर असतात तर चटकन म्हणाला असतात, "छे हो, तुम्हाला कसं म्हणेन!" तेवढ्यावर सगळं मिटलं असतं.

ग्रुपने त्यात आणखी एक गोष्ट केली. त्यांचं दुखणं एकटीत राहिलं नाही, ते २९ जणींसमोर लिहिलं गेलं. एकदा सगळ्यांसमोर लिहिलं की ते आपलं म्हणणं होऊन बसतं आणि मागे घेणं जड जातं. हात जोडल्याची ती सात चिन्हं तुम्ही विरोध म्हणून मोजलीत. मी तशी मोजणार नाही. एखादीला म्हणायचं असेल "जाऊ दे बाई", एखादीला "तुमच्या वयाला मान देते", एखादीला नुसतं "मी इथे आहे". अंगठ्याचंही तसंच. तो पटलं म्हणून येतो, वाचलं म्हणून येतो, आणि विषय संपवा म्हणूनही येतो. चिन्हांवरून वॉर्डाचं मन ओळखू नका.

आता सहकारी सिस्टरची पाच मिनिटं. तुम्ही रडलात ते मला समजतं. दोन रात्रींची मेहनत मातीत गेली नि दुसरीने सहज बोलून मैदान मारलं, असं वाटलं असणार. पण त्या पाच मिनिटांत नक्की काय घडलं ते पाहा. तुमचे सगळे मुद्दे दोन दिवस आधी सगळ्यांनी वाचलेले होते. राग येऊन ओसरलेलाही होता. तुमची सहकारी पेरायला आली तेव्हा जमीन तुम्ही नांगरून ठेवली होती. शिवाय ती लाडकी आहे, हे तुमच्या पत्राच्या ओळीओळीतून दिसतं. शेली चायकन आणि अ‍ॅलिस ईगली या संशोधिकांनी १९८३ मध्ये दाखवलं की बोलणारी व्यक्ती आवडती आहे की नावडती, याचा परिणाम व्हिडिओ आणि आवाजात जास्त होतो, लेखनात कमी. समोर माणूस असला की आपण माणसाला होकार-नकार देतो, कागद असला की मुद्द्याला.

याचा मी स्वतः अनुभव घेतला आहे. बरीच वर्षं मी रेडिओवर बोलत होते आणि तोच मजकूर थोडा बदलून वर्तमानपत्रात लिहीत होते. रेडिओ ऐकणाऱ्यांची पत्रं यायची, "ताई, तुम्ही अगदी माझ्याशीच बोलताय असं वाटलं." मी काय बोलले, हे त्यांत क्वचितच असायचं. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांची पत्रं यायची, "तुमच्या तिसऱ्या परिच्छेदातला मुद्दा मला मान्य नाही, कारण..." पहिल्या पत्रांनी मला उभारी दिली आणि दुसऱ्यांनी मला सुधारलं. ऐकणारे आणि वाचणारे वेगळ्या प्रकृतीचे होते म्हणून हे झालं असं मला एके काळी वाटायचं. मग एकाच बाईंची दोन्ही प्रकारची पत्रं आली, एका आठवड्याच्या अंतराने, आणि माझा तो समज गेला.

म्हणून त्या डोललेल्या मानांकडेही मी जरा सावधपणे पाहते. चेहऱ्यासमोर "नाही" म्हणणं माणसाला फार जड जातं. महदी रोघानीझाद आणि व्हेनेसा बोन्स यांच्या २०१७ सालच्या अभ्यासात ४५ जणांनी अनोळखी लोकांना एक छोटी प्रश्नावली भरून द्यायची विनंती केली, काहींनी समोर जाऊन, काहींनी ई-मेलने. समोर जाऊन केलेली विनंती ३४ पट प्रभावी ठरली. वाचून आनंद वाटावा असा आकडा आहे, पण त्याची दुसरी बाजूही बघा. समोरासमोर मिळालेल्या होकारात थोडा भाग भिडेचा असतो. सगळ्या मान डोलावत असताना एकटीने मान ताठ ठेवायची आणि "मला एक शंका आहे" म्हणायचं, तेही पाळी संपवून घरी निघताना, याला धाडस लागतं. तेव्हा ग्रुपवरचा राग जितका होता त्याहून मोठा दिसला, आणि सकाळचा होकार जितका होता त्याहून मोठा दिसला.

दहा दिवसांनी तीन आठवणी निघाल्या त्या यामुळेच. कुणी खोटं बोललं नाही. बोललेलं हवेत विरतं आणि प्रत्येकजण घरी नेताना आपल्याला सोयीचा, आपल्याला भिडलेला तुकडा नेते. आणि तिन्ही पाळ्या त्या सकाळी हजर तरी होत्या का? दुपारच्या पाळीने ते सकाळच्यांच्या तोंडून ऐकलं असणार, रात्रीच्या पाळीने दुपारच्यांच्या.

सहकारी सिस्टरच्या त्या सात टक्क्यांबद्दल मात्र मला ठामपणे बोललं पाहिजे, कारण हा आकडा असंख्य प्रशिक्षणवर्गांत फिरतोय आणि त्याने फार नुकसान केलंय. अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाचे १९६७ चे दोन छोटे प्रयोग त्याच्या मुळाशी आहेत. सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत म्हणायचे, सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवायचे, आणि बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नाराजी ते ओळखायला सांगायचं. शब्द एक सांगतो आणि सूर दुसरंच, अशा वेळी लोक शब्दापेक्षा सुरावर आणि चेहऱ्यावर विश्वास ठेवतात, एवढंच त्यातून निघतं. हे भावनांपुरतंच लागू आहे, असं स्वतः मेहराबियननीही स्पष्ट केलेलं आहे. "खाट क्रमांक बारा, रात्री दहाला इंजेक्शन" या वाक्यात शब्दांचा वाटा सात टक्के असता तर तुमचा वॉर्ड एक रात्रही चालला नसता. सहकारी सिस्टरना हे प्रेमाने सांगा. लिहिणं सोडू नका.

उलट, अवघड गोष्टींना लिहिणंच लागतं. याच चायकन आणि ईगली यांनी १९७६ मध्ये एकच मजकूर सोप्या आणि अवघड अशा दोन रूपांत, लेखी, आवाजात आणि व्हिडिओवर लोकांपुढे ठेवला होता. सोपा मजकूर सगळ्यात जास्त पटला तो व्हिडिओवर, सगळ्यात कमी लेखी. अवघड मजकुराचं बरोबर उलटं झालं, तो लेखी असतानाच जास्त समजला आणि जास्त पटला. कारण उघड आहे. वाचणारा थांबू शकतो, मागे जाऊ शकतो, आपल्या गतीने चालू शकतो. ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याच्या गतीने धावावं लागतं.

तुमच्या मुलाची सूचना आपुलकीची आहे, पण या कामाला व्हिडिओ आणि स्लाइड मला नको वाटतात. व्हिडिओ दाखवता येणाऱ्या गोष्टीला छान, म्हणजे नवीन पंप कसा लावायचा, हात कसे धुवायचे. इथे दाखवण्यासारखं काही नाही, विचारण्यासारखं मात्र खूप आहे, आणि व्हिडिओला काही विचारता येत नाही. स्लाइडची भीती मला वेगळ्या कारणाने वाटते. २००३ च्या जानेवारीत कोलंबिया अंतराळयान उडालं तेव्हा फोमचा तुकडा त्याच्या डाव्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अभ्यास करून तो वरिष्ठांना स्लाइडवर दाखवला. एका स्लाइडच्या तळाशी, बारीक अक्षरात, एक ओळ होती. आदळलेल्या तुकड्याचं आकारमान १९२० घन इंच असावं आणि ज्या चाचण्यांचा आधार घेतला त्यातला तुकडा ३ घन इंचांचा. ६४० पट फरक! पण ठळक मथळ्याने दिलासा दिला आणि तळाची ओळ तळाशीच राहिली. १ फेब्रुवारीला परतताना यान कोसळलं, सातही जण गेले. ही स्लाइड हे त्या अपघाताचं एकमेव कारण नव्हतंच, पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात तिचा वेगळा उल्लेख केला. वरिष्ठाने ती वाचावी आणि जिवावरचा धोका त्याच्या लक्षातही येऊ नये हे सहज शक्य होतं, असं त्यांचं म्हणणं. स्लाइड बघणाऱ्याला मथळा घेऊन पुढे सरकायला शिकवते. तुमच्या बाबतीत मथळा असेल "रात्रपाळीत बदल", आणि बायका तेवढाच घेऊन घरी जातील.

मग करायचं काय? तुमच्याच क्षेत्रात याचं सुंदर उत्तर आहे. शस्त्रक्रियेच्या वेळची जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी तुम्हाला माहीत असेल. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, मोठ्या गुंतागुंती ११ वरून ७ टक्क्यांवर. ती यादी लिहिलेली आहे, पण भिंतीवर लावून सोडून दिलेली नाही. ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची आणि प्रत्येकाने तोंडाने उत्तर द्यायचं. कागद विसरू देत नाही, आवाज गृहीत धरू देत नाही. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं की तुम्ही ते लिहून घेता आणि परत वाचून दाखवता, तेही हेच आहे. बोलणं, लिहिणं, पुन्हा बोलणं. तुम्ही एका कामाला एकच माध्यम शोधताय, आणि तुमचा रोजचा धंदा तुम्हाला केव्हाचं सांगतोय की एकाने भागत नाही.

रात्रपाळीसाठी मी काय केलं असतं ते सांगते.

सगळ्यात आधी जुन्या सिस्टर. त्यांना सगळ्यांच्या आधी, एकटीला, भेटून सांगा. ग्रुपवर माफी मागू नका, ती पुन्हा २९ जणींसमोरची गोष्ट होईल आणि त्यांना पुन्हा काहीतरी भूमिका घ्यावी लागेल. भेटल्यावर एवढंच म्हणा, "सिस्टर, त्या दिवशी मी लिहिलेलं तुम्हाला लागलं. माझ्या मनात तुम्ही नव्हतात, पण वाचताना तसं वाटलं असणार, हे मला नंतर कळलं." स्पष्टीकरण लांबवू नका. मग रात्रपाळीचा विचार सांगा आणि विचारा, "यात अडचण कुठे येईल?" आणि खरोखर ऐका. वीस वर्षं रात्री जागलेल्या बाईला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त दिसतं. त्या जे सांगतील त्यातलं एखादं जरी पद्धतीत घेता आलं तर त्यांचं नाव घेऊन सगळ्यांना सांगा.

मग तिन्ही पाळ्यांना तीन वेगळ्या वेळी, तुम्ही स्वतः. निरोप पाठवू नका. आवाज कापेल म्हणता. कापू द्या. ज्युलियाना श्रोडर आणि निकोलस एप्ली यांनी २०१५ मध्ये नोकरीसाठी उमेदवारांचं म्हणणं काही जणांना वाचायला दिलं, काहींना ऐकवलं. ज्यांनी ऐकलं त्यांना तोच उमेदवार जास्त समंजस, जास्त विचारी वाटला. सूर, अडखळणं, थांबणं, यातून आतला विचार चालू असल्याचं ऐकणाऱ्याला कळतं. कापऱ्या आवाजात "मला त्या रात्री भीती वाटली" असं म्हणणाऱ्या इनचार्जवर कुणी संशय घेत नाही.

फक्त तो चारशे शब्दांचा कागद वाचून दाखवू नका. अ‍ॅरिस्टॉटलनेही नोंदवून ठेवलंय की लिहिण्यासाठी बांधलेलं भाषण सभेत उभं राहून म्हटलं की रोडकं वाटतं, आणि सभेत गाजलेलं भाषण हातात घेऊन वाचलं की बाळबोध वाटतं. तुमचं लेखन चांगलं आहे, म्हणूनच ते बोलण्यात चालणार नाही. तळहाताएवढ्या चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा. काय बदलतंय, का बदलतंय, काय बदलत नाहीये. तिसरी विसरू नका. महिन्याच्या रात्री सहा होत्या, सहाच राहणार आहेत, हे वाक्य तुम्ही दोनदा म्हणा.

बोलून झाल्यावर "कळलं ना?" असं विचारू नका, त्याला मान डोलावण्यापलीकडे उत्तर नसतं. एखादीला म्हणा, "समजा तुमची पहिली फेरी सोमवारी सुरू झाली, तर सुट्टी कधी येईल, सांगा बरं." चूक निघाली तर ती त्यांची नव्हे, तुमच्या सांगण्याची, आणि पुढच्या पाळीला सांगताना ती दुरुस्त करता येईल. रजेवर असलेल्यांना फोन करा. संदेश पाठवणं सोपं वाटेल, फोन अवघडल्यासारखा होईल असंही वाटेल. अमित कुमार आणि एप्ली यांच्या २०२१ च्या अभ्यासात लोकांना नेमकी हीच धास्ती होती. प्रत्यक्षात फोनवर बोलणाऱ्यांना अवघडलेपण काही जास्त आलं नाही, जवळीक मात्र जास्त वाटली.

आणि मग कागद. इथे तुम्ही तुमच्या घरात आहात, लिहा मनसोक्त, पण एका पानात. वरच्या अर्ध्या भागात तक्ता काढा, जुना महिना आणि नवा महिना शेजारी शेजारी, रात्रींचे चौकोन काळे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ मध्ये सैनिकांच्या मृत्यूचे आकडे रंगीत आकृत्यांत मांडले, तेव्हा जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी किती जास्त माणसं नेली, हे रकाने न वाचणाऱ्यांनाही नजरेने दिसलं. सहा काळे चौकोन इकडे आणि सहाच काळे चौकोन तिकडे, हे तुमच्या पाच वाक्यांपेक्षा जास्त बोलेल. खाली नियम, तारीख, आणि अडचण आली तर कुणाकडे यायचं. "झालेली चूक", "अपेक्षित आहे", "परवडणारे नाही" ही कर्त्याशिवायची वाक्यं गाळा. जिथे तुम्ही ठरवलंय तिथे "मी ठरवलं आहे" लिहा, जिथे सगळ्यांनी मिळून करायचंय तिथे "आपण". कागद ड्युटी लिस्टच्या शेजारी लावा, म्हणजे रोज तिथे नजर जाईलच.

ग्रुपवर एकच ओळ टाका, "रात्रपाळीच्या नव्या पद्धतीचा कागद ड्युटी लिस्टच्या शेजारी लावला आहे, काही विचारायचं असेल तर मी दुपारी दोन ते तीन या वेळेत टेबलापाशी आहे." आणि त्या एका तासात खरोखर तिथे बसा.

खाटेपाशी ओव्हर देण्याचंही याच कागदावर मागच्या बाजूला लिहून टाका. तीन आठवणींपैकी कुठली बरोबर, हा वाद घालू नका. त्या तिघींनाच बोलवून मसुदा त्यांच्यासमोर वाचा, आणि त्या जिथे "असं नव्हतं ठरलं" म्हणतील तिथे पेन त्यांच्या हातात द्या.

तुमची,
ताई